कुंपणात न मावणारा ढग

उष्ण कटिबंधातील डोंगरांच्या ज्या पट्ट्यात ढग वर्षाचा बराच काळ झाडांच्या उंचीवर येऊन टेकतो आणि जेथील वनस्पती व प्राणी त्या ओलाव्याच्या भरवशावर जगतात, तेथील अरण्याला मेघवन म्हणतात. ही अरण्ये पृथ्वीच्या भूभागाचा जेमतेम ०.४ टक्का व्यापतात. तरीही जगातील पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर आणि वृक्षनेचे यांच्या वैविध्यापैकी सुमारे १५ टक्के त्यांच्यात सामावले असल्याचा अंदाज आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशाच्या तिलारान डोंगररांगेतील मोन्तेवेर्दे हे अशा अरण्यांपैकी बहुधा सर्वाधिक अभ्यासलेले आणि पर्यटकांनी सर्वाधिक गजबजलेले ठिकाण. तेथे जाणाऱ्या माणसाने काय पाहावे, हा प्रश्न मार्गदर्शक पुस्तिकांनी सोडवून टाकला आहे. तो जे पाहायला जातो ते नेमके कोठे तयार होते आणि त्याच्या प्रवेशशुल्कातून त्याचे कितपत रक्षण होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

सह्याद्रीच्या परिचयामुळे मराठी वाचकाला येथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाबळेश्वर किंवा आंबोली पावसाळ्यात दिवसेंदिवस धुक्यात बुडालेली असते. पण नैर्ऋत्य मोसमी वारे ओसरले की तो ढगही ओसरतो आणि अरण्याला पुढचे सात-आठ महिने जमिनीतल्या ओलीवर काढावे लागतात. मोन्तेवेर्देला ढग आणणारे वारे निराळे आहेत. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे कॅरिबियन समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, सखल मैदान ओलांडून डोंगराला भिडतात आणि वर चढतात. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते, दवबिंदूला पोचते, आणि ज्या उंचीवर तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होऊ लागतात ती उंची म्हणजे ढगतळ, अर्थात ढगाची खालची कड. हे वारे ऐन कोरड्या ऋतूतही, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, वाहत असल्यामुळे पाऊस जवळजवळ थांबलेला असतानाही डोंगरमाथा ओला राहतो. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते आपोआप खाली पडत नाहीत. वारा त्यांना आडवे वाहून नेतो, वाटेत पान, फांदी, शेवाळ जे लागेल त्याला ते चिकटतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि मग ठिबकतात. उघड्या माळावर ठेवलेल्या पर्जन्यमापकात या पाण्याची नोंद होत नाही, कारण ते पाणी गाळून घ्यायला तेथे झाड नसते. झाड तोडले तर ढग वरून तसाच निघून जातो. मेघवनाचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे: येथे झाड पाण्यावर जगते आणि त्या पाण्याचा काही भाग झाडच हवेतून काढून घेते.

हे काम मुख्यतः अपिवनस्पती करतात. अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडाच्या अंगावर नुसता आधार घेऊन वाढणाऱ्या वनस्पती. बांडगुळाप्रमाणे त्या आश्रयदात्या झाडाचा रस शोषत नाहीत, पाणी आणि पोषण हवेतून, धुळीतून आणि कुजलेल्या पाल्यातून मिळवतात. मोन्तेवेर्देच्या परिसरात नुसत्या ऑर्किडांच्याच चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. नेचे, शेवाळे आणि अननसाच्या कुळातील ब्रोमेलिया यांची गणती वेगळीच. या वनस्पतींचा पाला फांदीवरच कुजून तेथे मातीचा जाड थर तयार होतो, आणि काही झाडे स्वतःच्या फांद्यांतून मुळे फोडून त्या उंचावरच्या मातीतून अन्न घेतात. वृक्षच्छत्रातील हे जग उलगडून दाखवण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत नलिनी नाडकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे; त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेलेले, आणि आडनाव तर मराठी व कोंकणी कानांना सांगून ओळख पटवावी लागत नाही असे. दोरांच्या साहाय्याने झाडांवर चढून त्यांनी मोन्तेवेर्देत अनेक वर्षे काम केले. काही फांद्यांवरचे सर्व आच्छादन मुद्दाम खरवडून काढून ते परत कधी येते याची नोंद त्यांनी ठेवली, तेव्हा पहिली काही वर्षे फांद्यांचा वरचा पृष्ठभाग जवळजवळ उघडाच राहिल्याचे आढळले. दहा मिनिटांत खरवडता येणारी चादर पुन्हा विणायला दहा वर्षेही अपुरी पडावीत, हे कळल्यावर पायवाटेकडेचे शेवाळ सहज उपटणाऱ्या हाताकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते.

या अरण्याचे रक्षण प्रथम ज्यांनी केले त्यांना पर्यटन ठाऊक नव्हते आणि जीवशास्त्रही त्यांचा विषय नव्हता. क्वेकर हा युद्धाला धर्मतःच विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील फेअरहोप येथील चार क्वेकर तरुणांना सक्तीच्या लष्करी नोंदणीला नकार दिल्याबद्दल १९४९ मध्ये तुरुंगवास झाला, तेव्हा तेथील काही क्वेकर कुटुंबांनी देश सोडायचे ठरवले आणि नुकतेच, १९४८ साली, सैन्य बरखास्त केलेला कोस्टा रिका निवडला. १९५१ मध्ये ती मोन्तेवेर्देला स्थिरावली. त्यांनी गाई पाळल्या, चीज बनवण्याचा कारखाना काढला आणि त्यासाठी बरेच जंगल तोडलेही. पण खरेदी केलेल्या जमिनीपैकी सुमारे साडेपाचशे हेक्टरांचा, ओढ्यांच्या उगमाचा वरचा भाग त्यांनी समाईक म्हणून राखून ठेवला, कारण माथ्यावरचे अरण्य गेले तर खालचे पाणी जाईल हे त्यांना व्यवहारातून दिसत होते. पाण्यासाठी राखलेले हे रान हीच पुढच्या सगळ्याची पायाभरणी ठरली, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे. पुढे आलेल्या प्रत्येक हेतूपेक्षा, दुर्मीळ पक्ष्यांपेक्षा आणि पर्यटकांच्या डॉलरांपेक्षा, हा पहिला हेतू मेघवनाच्या स्वभावाच्या अधिक जवळचा होता.

१९७२ मध्ये जॉर्ज आणि हॅरिएट पॉवेल या तरुण जीवशास्त्रज्ञ दांपत्याने क्वेकर वसाहतीतील विल्फर्ड ग्विंडन यांच्या साथीने येथे राखीव वन स्थापन केले आणि त्याचे व्यवस्थापन सान होसे येथील उष्णकटिबंधीय विज्ञान केंद्राकडे आले. १९८७ मध्ये स्वीडनमधील एका ग्रामीण शाळेतील मुलांनी येथील जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, इतर देशांतील मुले त्यांना येऊन मिळाली, आणि त्यातून ‘मुलांचे चिरंतन अरण्य’ उभे राहिले. ते आज वीस हजारांहून अधिक हेक्टरांचे असून देशातील सर्वांत मोठे खाजगी राखीव वन मानले जाते. शेजारच्या सांता एलेनाचे राखीव वन तेथील माध्यमिक शाळेशी जोडलेले आहे आणि त्याचे उत्पन्न शाळेच्या कामी येते. १९७० च्या दशकात वर्षाकाठी काहीशे माणसे येत, तेथे दोन दशकांत हजारोंची रीघ लागली. गाईंच्या कुरणांपेक्षा उभे झाड अधिक मिळवून देते हे गावाला कळले आणि कुऱ्हाड थांबली. पर्यटनाचे हे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जे अभ्यासक पर्यटनाकडे केवळ उपद्रव म्हणून पाहतात, त्यांनी याच डोंगररांगेतील पर्यटनाविना उजाड झालेले उतार पाहावेत.

प्रश्न आहे तो या यशाच्या मर्यादेचा, आणि ती मर्यादा एका भेकाने दाखवून दिली. भेक हा बेडकाचा कोरड्या, खरबरीत कातडीचा भाऊबंद. मोन्तेवेर्देचा सोनेरी भेक येथल्या माथ्यावरील काही चौरस किलोमीटरच्या पट्ट्याखेरीज जगात कोठेच नव्हता; झळझळीत नारिंगी रंगाचे नर एप्रिल-मेच्या सुमारास थोडेच दिवस जमिनीवर येत, झाडांच्या मुळांत साचलेल्या डबक्यांत मीलन होई आणि पुन्हा वर्षभर त्यांचा मागमूस नसे. १९८७ मध्ये असे दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. १९८८ मध्ये दहा दिसले. १९८९ च्या मे महिन्यात एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही, आणि २००४ मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास या परिसरातील बेडूक-भेकांच्या ५० जातींपैकी २० जाती दिसेनाशा झाल्या. या भेकाचा सगळा मुलूख राखीव वनात होता. तेथे झाड तुटले नव्हते, शिकार झाली नव्हती, रस्ता गेला नव्हता. डोंगराच्या एका तुकड्यापुरती जात असणे म्हणजे काय, याची कल्पना महाराष्ट्रालाही यावी, कारण २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोलीचा भेक असाच अत्यंत छोट्या मुलखाचा रहिवासी आहे.

सोनेरी भेक का गेला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. अॅलन पाउंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये असे मांडले की १९७० च्या दशकाच्या मध्यापासून कोरड्या ऋतूतील धुकेविरहित दिवस वाढत गेले, ते सलग येऊ लागले आणि याचे कारण समुद्र तापल्यामुळे ढगतळ वर सरकणे हे असावे. सखल भागातला टूकन पक्षी याच काळात वर येऊन डोंगरातल्या क्वेट्झल पक्ष्याच्या शेजारी घरटी करू लागल्याचा दाखलाही त्यांनी दिला. उभयचरांच्या कातडीला ग्रासणाऱ्या कायट्रिड बुरशीचा शोध लागल्यावर संशयाचा रोख तिच्याकडे वळला. २०१० मध्ये झाडांच्या लाकडातील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, जुन्या काळच्या ओलाव्याचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासाने १९८६-८७ च्या एल निन्योतील असाधारण कोरडेपणाकडे बोट दाखवले. एल निन्यो म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी काही वर्षांच्या अंतराने तापणे. या कारणांपैकी कोणते किती खरे, याचा निवाडा येथे करण्याची गरज नाही. बुरशी असो, एल निन्यो असो वा तापता समुद्र, त्यांपैकी एकही राखीव वनाच्या फाटकातून तिकीट घेऊन आत आलेले नाही.

त्याहून अधिक जवळचे, आणि म्हणून अधिक विचार करायला लावणारे कारण २००१ मध्ये रॉबर्ट लॉटन व इतरांनी पुढे आणले. मोन्तेवेर्देच्या वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे कॅरिबियन समुद्राकडे, पसरलेल्या मैदानातील अरण्य कुरणांसाठी आणि शेतीसाठी मोठ्या प्रमाणात तोडले गेले आहे. अरण्य जमिनीतले पाणी पानांवाटे हवेत सोडते. मोकळी जमीन ते तितके सोडत नाही आणि उन्हाने अधिक तापते, त्यामुळे तिच्यावरून जाणारी हवा अधिक उष्ण आणि कोरडी होते आणि ढग बनण्यासाठी तिला अधिक उंच चढावे लागते. उपग्रहचित्रांत त्यांना असे दिसले की कोरड्या ऋतूत कोस्टा रिकाच्या उजाड मैदानावर ढग विरळ होते, तर सीमेपलीकडे निकाराग्वातील शाबूत अरण्यावर ते भरपूर होते. हे विवेचन मान्य केले तर निष्कर्ष स्पष्ट आहे: मोन्तेवेर्देचा ढग एकट्या मोन्तेवेर्देत बनत नाही. त्याची तयारी समुद्रावर आणि खालच्या मैदानात होते, आणि ज्या जमिनीवर ती होते तिच्याकडे पर्यटक गाडीच्या काचेतूनही पाहत नाही.

म्हणूनच मेघवनाला भेट देण्याची आजची रीत अपुरी वाटते. माणूस हजारो किलोमीटरचा विमानप्रवास करून येतो, क्वेट्झल दिसावा म्हणून पहाटे मार्गदर्शकासह निघतो, दुपारी तारेवरून घसरत वृक्षच्छत्र ओलांडतो, आणि समोर धुक्याखेरीज काहीच न दिसल्यास दिवस वाया गेला असे समजतो. वास्तविक तो ज्याच्यासाठी आला ती वस्तू हे धुकेच होय. पक्षी आणि ऑर्किड ही त्याची फळे. पानाच्या टोकाशी थेंब कसा जमतो हे तासभर उभे राहून पाहणाऱ्याला या अरण्याचा खरा व्यवहार दिसतो. एका वेळी किती माणसे आत सोडायची यावर राखीव वनात मर्यादा आहे, पायवाटा आखलेल्या आहेत, आणि या शिस्तीचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु ती शिस्त फाटकाच्या आतली आहे. बाहेर वाढलेल्या निवासांचे सांडपाणी ओढ्यांत जाणे, वाहनांची गर्दी आणि प्रवासातून होणारे उत्सर्जन यांचा हिशेब त्या तिकिटात येत नाही.

फाटकाबाहेरचा हिशेब मांडण्याचे प्रयत्न मात्र याच देशात झाले आहेत. १९९६ च्या वन कायद्याने कोस्टा रिकाने असे तत्त्व स्वीकारले की खाजगी जमिनीवर अरण्य राखणारा शेतकरी पाणी, कर्ब, जैववैविध्य आणि निसर्गसौंदर्य या सेवा समाजाला पुरवतो आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळाला पाहिजे. त्या मोबदल्याचा काही भाग इंधनावरील करातून येतो. फाटकाबाहेरच्या जमिनीचा हा विचार मोन्तेवेर्देच्या पक्ष्यांनाही लागू पडतो. जॉर्ज पॉवेल यांनी क्वेट्झलांना रेडिओ बसवून त्यांचा मागोवा घेतला तेव्हा विणीचा हंगाम संपताच ते राखीव वन सोडून प्रशांत महासागराकडच्या खालच्या उतारांवर आणि पुढे कॅरिबियन उतारावर जातात, असे आढळले. रानटी अॅव्होकॅडोच्या कुळातील झाडांची फळे जेथे पिकतील तेथे त्यांना जावे लागते. चोचीशी तीन लोंबत्या गाठी असलेला बेलबर्ड हा पक्षी तर सखल किनारी प्रदेशापर्यंत उतरतो. त्याच्याच नावाची एक जैविक मार्गिका मोन्तेवेर्देपासून निकोयाच्या आखातापर्यंत आखलेली असून, तिच्यात राखीव वने थोडी आणि कॉफीचे मळे, कुरणे, घरांची परसे अधिक आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून येथील गवळ्यांनी वाऱ्याला अडसर म्हणून कुरणांच्या कडेने झाडांच्या रांगा लावल्या. गाईंना वारा कमी लागून दूध वाढावे एवढाच त्यांचा हेतू होता, पण पक्षी त्या रांगांवर उतरू लागले, त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांतून जंगली झाडांची रोपे रांगांच्या सावलीत उगवली, आणि राखीव वनाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जेथे अद्याप कोणी तिकीट मागत नाही, ती आता वाढत आहेत.