परतणारे रक्त आणि कारणाचा प्रश्न

हृदयाची अडलेली धमनी अँजिओप्लास्टीने मोकळी केली, तरी पुढच्या केशवाहिन्यांतून काही वेळा रक्त सरकतच नाही. रक्त परतल्यानंतर या बारीक वाहिन्यांची हानी वाढते. जे जीव वाचवते त्यानेच अपाय होत असेल, तर त्या अपायाचे कारण कशाला म्हणायचे?

भारतीय दर्शनांत याची दोन उत्तरे आहेत. सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य कारणात आधीपासूनच असते. तिळात तेल असते म्हणूनच ते निघते. म्हणजे इजा रक्त अडले तेव्हाच झाली, परतणारे रक्त ती फक्त उघड करते. न्याय-वैशेषिक दर्शनांचे अनुयायी, म्हणजे नैयायिक वगैरे, मात्र कार्य नव्याने उत्पन्न होते असे मानतात. वैद्यकातला वादही नेमका हाच होता: पेशी आधीच मरणपंथाला लागल्या होत्या, की रक्ताने त्यांना मारले?

रक्त थांबले की केशवाहिनीच्या अस्तराच्या पेशी फुगतात, त्यांच्यावरचा शर्करा-प्रथिनांचा नाजूक थर झडतो, आम्ल साठते. हेच आम्ल मायटोकॉन्ड्रियातले एक घातक छिद्र मिटलेले ठेवते. रक्त येताच आम्ल धुतले जाते, पेशीत कॅल्शियमचा भरणा होतो, प्राणवायूपासून विध्वंसक रेणू बनतात आणि छिद्र उघडते. उघड्या पडलेल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटतात, बाहेरून सूज दाबते आणि वाट बुजते. क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांच्या हृदयात दाखवले की ४० मिनिटांच्या अडथळ्यानंतर रक्त नीट परतते. ९० मिनिटांनंतर हृदयभिंतीच्या आतल्या भागात ते पोहोचत नाही.

२००३ मध्ये व्हिन्टेन-जोहान्सन यांच्या गटाने कुत्र्यांची धमनी तासाभराने एकदम न उघडता ३० सेकंद रक्त, ३० सेकंद अडथळा अशा तीन फेऱ्यांनी उघडली. हृदयस्नायूची हानी बरीच घटली, वाहिन्यांचे अस्तरही अधिक शाबूत राहिले. आधीचा तास तोच होता. बदलली ती फक्त परतण्याची रीत. इजा आधीच पूर्ण झाली होती, हे मत इथे टिकत नाही. ती सुप्त होती असे सांख्य म्हणू शकतात; पण जी कधी प्रकटलीच नाही ती होती कशावरून, हा नैयायिकांचा प्रश्न बिनतोड आहे.

तरीही सारा दोष रक्तावर टाकता येत नाही. तेच रक्त निरोगी वाहिनीला काही करत नाही, आणि धमनी बंदच ठेवली तर स्नायू मरतोच. नैयायिक कार्याचे श्रेय संपूर्ण कारणसामग्रीला देतात. इथे तेच खरे: उपाशी अस्तर आणि एकाएकी आलेला प्राणवायू मिळून अपाय घडतो. त्यामुळे धमनी उघडणे निर्दोष ठरते, पण उघडणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही.

सामग्रीतला एक घटक काढला की कार्य थांबायला हवे. छिद्र मिटवणारे सायक्लोस्पोरिन हृदयविकाराच्या झटक्यानंतर ९७० रुग्णांवर तपासले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत लाभ दिसला नाही. फेऱ्यांची तीच रीत हातावर, रक्तदाबाचा पट्टा आलटूनपालटून आवळून आणि सोडून, वापरण्याचा उपायही २०१९ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांत निष्फळ ठरला. एक तर निवडलेला घटक माणसात अपरिहार्य नसावा, किंवा तोच अपाय दुसऱ्या वाटेनेही होत असावा. आज खात्रीचे रक्षण एकच आहे: अडथळ्याचा काळ कमी करणे, म्हणजे सामग्रीतला पहिला घटकच वाढू न देणे.