स्वयंप्रतिकाराची बदलती कल्पना

रोगप्रतिकारशक्ती शरीराबाहेरून आलेल्या जंतूंशी लढते, ही धारणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इतकी दृढ झाली होती, की हीच शक्ती स्वतःच्या पेशींवर उलटू शकते, हे मान्य करायला वैद्यकाला पुढे अर्धशतक लागले. पॉल एरलिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गनरोथ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले, तेव्हा त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट लक्ष्याला चिकटणारी प्रथिने, तयार झाली. स्वतःच्या रक्तपेशींना मात्र त्यांनी इजा केली नाही. या संयमाला एरलिख यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, अर्थात आत्मविषाचा धसका, असे नाव दिले. अशी प्रतिपिंडे निर्माणच होणार नाहीत, असा त्यांचा दावा नव्हता. ती घातक ठरू नयेत म्हणून शरीरात काही नियमन असले पाहिजे, एवढेच त्यांना म्हणायचे होते. परंतु पुढच्या पिढीने त्या नावाचा अर्थ ‘असे घडणे अशक्य’ असा लावला. अधिकारी व्यक्तीच्या सावध विधानाचे अनुयायांनी नियमात रूपांतर करावे, हे विज्ञानातही घडतेच.

वास्तविक विरोधी पुरावा फार लवकर पुढे आला होता. थंडी बाधताच काही रुग्णांच्या लघवीतून रक्तरंजक जाऊ लागते, त्याचे कारण त्यांच्याच रक्तद्रवातील, थंडीत तांबड्या पेशींना चिकटणाऱ्या घटकात आहे, हे डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात १९०४ मध्ये दाखवले. तरीही तो एक विरळा अपवाद मानला गेला. ही कोंडी १९५६च्या सुमारास फुटली. अमेरिकेतील बफलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्या स्वतःच्या ग्रंथीचा दाह घडवून आणला, आणि त्याच काळात लंडनमध्ये हाशिमोतो विकाराच्या रुग्णांत थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. विटेब्स्की हे एरलिख यांच्या सहकाऱ्याचे शिष्य, म्हणजे त्याच परंपरेतले. त्यामुळे ही कबुली अधिकच वजनदार ठरली.

पुढचे वर्ष, १९५७, या इतिहासात विशेष महत्त्वाचे आहे. मेलबर्नमध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी असा सिद्धान्त मांडला, की प्रत्येक प्रतिकारपेशी एकेकच लक्ष्य ओळखते, जिचे लक्ष्य समोर येते ती पेशी वाढत जाते, आणि स्वकीय घटकांना ओळखणाऱ्या पेशी आरंभीच नष्ट केल्या जातात. ही छाटणी अपुरी राहिली, तर स्वयंप्रतिकार रोग उद्भवतात. त्याच वर्षी लंडनच्या मिल हिलमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांना, इन्फ्लुएन्झाच्या निष्क्रिय विषाणूंशी संपर्क आलेल्या कोंबडीच्या अंड्यातील पटलातून एक द्रव्य मिळाले, जे शेजारच्या पेशींत विषाणूची वाढ रोखत असे. ते इंटरफेरॉन. बर्नेट स्वतः इन्फ्लुएन्झाचे नामवंत अभ्यासक होते आणि आयझॅक्स यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेत काही काळ काम केले होते. असे असूनही या दोन कल्पना दीर्घकाळ वेगवेगळ्या दालनांत नांदल्या. स्वयंप्रतिकार म्हणजे प्रतिकाराचा अतिरेक आणि गंभीर संसर्ग म्हणजे प्रतिकाराची उणीव, अशी सोयीची विभागणी रूढ झाली होती.

त्या विभागणीला जोरदार धक्का कोविडच्या साथीत बसला. पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे काम करणाऱ्या जाँ-लॉराँ काझानोव्हा यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्राणघातक न्यूमोनिया झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात त्यांच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सापडली; सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांपैकी एकातही ती नव्हती. त्या १०१ जणांत ९५ पुरुष होते. काही रुग्णांचे साथीपूर्वीचे रक्तनमुने उपलब्ध होते आणि त्यांतही ही प्रतिपिंडे होती, त्यामुळे ती आजारपणातून उपजली असे म्हणण्याला फारसा आधार उरला नाही. म्हणजे येथे स्वयंप्रतिकार आधीपासून मूकपणे वसत होता, आणि विषाणू येईपर्यंत त्याचे एकही लक्षण दिसत नव्हते. वरकरणी संसर्ग भासणारा आजार काही अंशी स्वयंप्रतिकार रोगच होता, हा या अभ्यासाचा खरा आशय. पुढे इन्फ्लुएन्झाच्या अतिगंभीर न्यूमोनियातही सुमारे पाच टक्के रुग्णांत अशीच प्रतिपिंडे आढळली.

ही प्रतिपिंडे कोठून येतात, याचा एक धागा जुन्या दुर्मीळ विकारात आहे. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत ‘एअर’ नावाच्या जनुकामुळे इतर अवयवांची प्रथिने प्रतिकारपेशींपुढे मांडली जातात आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी बाद होतात. हे जनुक ज्यांच्यात बिघडलेले असते, त्यांपैकी जवळपास सर्वांत इंटरफेरॉनविरोधी प्रतिपिंडे आढळतात. सर्वसाधारण लोकांत त्यांचे प्रमाण सत्तरीनंतर वाढते, आणि वृद्धांना कोविडने अधिक ग्रासले, त्याचे एक कारण येथे सापडते.

याच इंटरफेरॉनची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. त्वचा, सांधे आणि मूत्रपिंडे यांना पोखरणाऱ्या ल्युपस या स्वयंप्रतिकार रोगात बहुतेक रुग्णांत इंटरफेरॉनची क्रिया वाढलेली असते, आणि म्हणूनच त्याचा ग्राहक रोखणाऱ्या अॅनिफ्रोलुमॅब या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्या औषधाच्या चाचण्यांत नागीण, श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे संसर्ग आणि ब्राँकायटिस हे दुष्परिणाम नोंदले गेले.