सशाचें रक्त आणि संशोधकाचें ऋण

सोनाराकडे माप देऊन बांगड्या घडवून घ्याव्या, तसें आज प्रयोगशाळांना सशाच्या अंगांत हवें तें प्रतिपिंड घडवून मिळतें. पेशींत अमुक एक प्रथिन कोठें दडलें आहे हें पाहावयाचें, तर त्यासच नेमकें चिकटणारें द्रव्य लागतें. तेंच प्रतिपिंड, अथवा गेल्या महामारीनें घरोघर पोंचविलेल्या शब्दांत, अँटिबॉडी. त्या प्रथिनाचा १५-२० अमिनो आम्लांचा तुकडा मोठ्या वाहक प्रथिनास जोडून, तेलकट उद्दीपकांत घोटून सशाच्या कातडीखालीं टोंचतात, आणि ३-४ आठवड्यांच्या अंतरानें पुनः पुनः टोंचतात. शरीर त्यास परकें समजून झुंजूं लागतें. अनेक पेशीकुलें आपापल्या परीनें त्या तुकड्यास पकडणारीं द्रव्यें रक्तांत सोडतात. हें रक्त कानाच्या वाहिनींतून थोडें थोडें घेतात, आणि शेवटीं बहुधा भूल देऊन सर्वच. दोन-तीन महिन्यांचें काम. ससे सामान्यतः दोन घेतात. एकानें दगा दिला तर दुसरा असावा म्हणून. दगा या शब्दाचा असा उपयोग मनुष्यासच सुचावा!

आम्ही या कृत्याचा सरसकट निषेध करणार नाहीं. १८९० मध्यें बर्लिन येथें बेरिंग व किताझातो यांनीं एका प्राण्याच्या रक्तजलानें दुसऱ्यास धनुर्वातापासून वांचवितां येतें हें दाखविलें. परळच्या हाफकिन संस्थेनें त्याच तत्त्वावर घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील औषध केलें. घोणस चावलेला शेतकरी त्या औषधानें उठून घरीं जातो, तेव्हां घोड्याचें ऋण डोळ्यांना दिसतें. प्रयोगशाळेनें मागविलेल्या सशाच्या रक्तानें मात्र कोणी उठून बसत नाहीं. त्यानें एका प्रश्नास उत्तर मिळावयाचें असतें. मग प्रश्नच अर्धवट विचारलेला असेल, तर त्या जीवाचें काय झालें?

आमच्या मतें खरा पेंच येथें आहे. घ्यावें कीं न घ्यावें यावर वाद पुष्कळ झाले. घेतलेलें वांयां दवडण्याचा अधिकार कोणीं दिला, हें क्वचितच कोणी विचारतें. शिकार करणारा देखील मारलेलें रानांत टाकून येत नाहीं. आणि येथें तर प्रत्येक सशाचें मिश्रण निराळें. तो मेला कीं तें संपलें. दुसऱ्या सशास तोच तुकडा टोंचला तरी तेंच पुनः हातीं येत नाहीं, आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष इतरांस पडताळणें कठीण होतें. २०१५ मध्यें ब्रॅडबरी व प्लुकथुन यांनीं शंभरावर सहकाऱ्यांच्या सह्यांसह ‘नेचर’मध्यें मागणी केली कीं, प्रतिपिंडें त्यांच्या जनुकीय क्रमानें ओळखलीं जावीं, व त्या क्रमावरून पेशींकडूनच बनवून घ्यावीं. २०२० मध्यें युरोपीय आयोगाच्या प्रयोगशाळेनें तर या कामीं प्राणी वापरूंच नयेत अशी शिफारस केली. कांहीं शास्त्रज्ञांचा यावर आक्षेप आहे: मिश्रण प्रथिनास अनेक बाजूंनीं पकडतें, म्हणून एकाच जातीचें प्रतिपिंड जेथें हुकतें तेथें तें कामास येतें. आक्षेप खोटा नाहीं. पण सवयीस गरज म्हणण्याची खोड शास्त्रज्ञांतही असतेच.

आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येनें अशी एक कुपी मागविली होती. तींतील द्रव्य तिच्या प्रथिनाबरोबर इतरही चारांना चिकटूं लागलें. वरिष्ठ म्हणाले, “दुसरें मागवा,” आणि कुपी शीतकपाटांत मागें सरकली. सहा महिन्यांनीं तिनें ती बाहेर काढली, तींतील नेमकें चिकटणारें तेवढें वेगळें केलें, टोंचण्यापूर्वीं त्याच सशाच्या घेतलेल्या रक्ताशीं ताडून पाहिलें, आणि एका मर्यादित कामापुरतें तें उपयोगी ठरलें. कुपीवर सशाचें नांव नसतें, क्रमांक असतो. तो क्रमांक तिनें आपल्या प्रबंधांत लिहिला आहे.