मापाचा अधिकार

माझ्या दवाखान्यात वजनकाट्यावर चढण्याआधी माणसं चपला काढतात, खिशातला मोबाइल बाजूला ठेवतात आणि आकडा दिसला की माझ्याकडे अपराध्यासारखी बघतात. शरीर मोजणाऱ्या आकड्याला माणसाला दोषी ठरवायचा अधिकार कुणी दिला?

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. हे गणित १८३० च्या दशकात मांडलं ते केतले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने. त्याला रोगी तपासायचे नव्हते, समाजातला सरासरी माणूस शोधायचा होता. जागतिक आरोग्य संघटनेने अतिवजनाची रेघ २५ वर ओढली. आपल्याकडे ती २३ वर धरतात, कारण कमी वजनातही आपल्या पोटावर चरबी साठते. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

म्हणून मी टेपही लावते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे मधुमेहाची तपासणी करून घ्यायला सांगते. पोट आत ओढून धरणाऱ्यांना म्हणते, “काका, श्वास सोडा. इथे कुणी पास-नापास होत नाही.”

चरकसंहितेने अतिस्थूल माणसाला आठ निंदितांत बसवलं. ती निंदा मला मान्य नाही. पण त्याच वर्णनात देहाच्या मानाने उत्साह आहे का, हेही पाहिलं आहे आणि त्याच ग्रंथाच्या विमानस्थान या भागात शरीराची मापं ज्याच्या त्याच्या बोटांनी घ्यायला सांगितली आहेत. यातला न्याय मला मोलाचा वाटतो.

२२.९ आणि २३ यांच्यामध्ये निसर्गाने भिंत घातलेली नाही. आजार वेळेत कळावा म्हणून माणसांनी तिथे रेघ ओढली. तिचा अधिकारही तेवढ्याच कामापुरता. एक भाजीवाल्या मावशी घरचे “किती खाता” म्हणाले म्हणून रात्रीचं जेवण सोडून बसल्या होत्या. पहाटे चारला मार्केट यार्डात जाऊन पोती उचलणारी ही बाई. त्यांची साखर वाढली आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ते सांगणं माझा धर्म. पण त्या हावऱ्या आहेत की आळशी, हे ठरवायला माझ्या टेपवर एकही खूण नाही, आणि घरातल्यांच्या जिभेलाही तो हक्क नाही.