सार्वजनिक आनंदाची नीती

सुख मनुष्यास हवे असते, ही गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. परंतु ते त्याने कोठे, कोणाच्या शेजारी बसून आणि कोणाच्या श्रमावर भोगावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. परभणी जिल्ह्यातील बोरीचे उदाहरण घ्या. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. येथील एखादे सुस्थितीतील कुटुंब रविवारी परभणीस जाते, चित्रपट पाहते, उपाहारगृहात जेवते आणि रात्री घरी परतते. वडील माणसे विचारतात, "घरी काय चूल पेटत नव्हती?" तरुण मंडळी उत्तर देतात, "आमच्या पैशाने आम्ही जेवलो. त्यात कोणाचे काय गेले?" दोन्ही बोलण्यांत नीतीचा प्रश्न आहे, आणि दोन्हींत तो अर्धाच मांडला गेला आहे, असे आम्हांस वाटते.

वडिलांचा आक्षेप संयमाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलखात पावसाने एक महिना डोळे वटारले की वर्षाचा हिशेब चुकतो, तेथे काटकसर हा कंजूषपणा नसून शहाणपणा असतो. तथापि संयम आपणांस 'किती' एवढेच सांगतो. 'कोणाबरोबर' हे तो सांगत नाही. ज्या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावर जगाने सारी खादाडी खपविली, तो एपिक्यूरस स्वतः भाकरी-पाण्यावर संतुष्ट असे. आणि काय खावे यापेक्षा कोणाबरोबर खावे याचा विचार आधी करावा, असे त्याचे मत सेनेकाने नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, एकट्यानेच खाणारा मनुष्य पापाचा एकटाच धनी होतो, असा आशय आला आहे. म्हणजे मिताहारी मनुष्यही दार लावून जेवत असेल, तर या कसोटीस तो उतरत नाही. खाणे पोटाचे काम खरे. पण पंगत ही समाजाची रचना आहे.

ती रचना आपल्याकडे कशी होती, हे सांगण्यास पुण्याचे एकच प्रकरण पुरे आहे. १८९० साली पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. पुढे गोपाळराव जोशी यांनी ही गोष्ट नावांनिशी वर्तमानपत्रातून चव्हाट्यावर आणली, शहरात ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. यात मद्य नव्हते, मांस नव्हते, उधळपट्टी नव्हती. संयमाच्या कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. कपातील चहात दोष नव्हता. तो कोणाच्या घरी घेतला, यात दोष मानला गेला. यावरून असे दिसते की, 'घरी चूल पेटत नव्हती काय' या प्रश्नामागे केवळ पैशाची काळजी कधीच नव्हती. घरच्या चुलीपाशी परका बसत नसे, हेही तिचे एक आकर्षण होते.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेतील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे सांगितले आहे. आणि त्याला लागूनच विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आहे. पाणी ही जीवनाची गरज. तिच्या पंक्तीला हॉटेल आणि नाटकगृह का बसविले असावे? ज्यांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने या घटनेचा मसुदा केला. माणसाला तहान भागवू देणे आणि माणसाला आपल्या आनंदात बसू देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दया पुरते. दुसरीत बरोबरी मान्य करावी लागते.

मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर दीड वर्षाच्या आत ही घटना त्याला लागू झाली. परंतु कायदा राजधानीतून निघाला तरी गावच्या वेशीवर बराच वेळ थांबतो. खेड्यांतील चहाच्या दुकानांत कित्येक वर्षे दलितांची कपबशी वेगळी, वळचणीला ठेवलेली असे. पिणाऱ्याने ती स्वतःच विसळून ठेवावयाची. १९७२ साली बाबा आढाव यांना 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम काढावी लागली, याचा अर्थच हा की घटना लागू होऊन बावीस वर्षे लोटली तरी पाणी वाटलेलेच होते. अशा गावातला मनुष्य शहरात येऊन, नाव-गाव न विचारता पुढे ठेवलेला चहा इतरांसारख्याच कपातून पितो, तेव्हा त्या घोटाला चैन म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

करमणुकीचेही असेच आहे. विष्णुदास भाव्यांचा पहिला खेळ १८४३ साली सांगलीच्या संस्थानिकांच्या आश्रयाने झाला. दहाच वर्षांनी, १८५३ साली, त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. दरबारी खेळाला बोलावणे लागे. या खेळाला तिकीट पुरेसे झाले. रंगभूमीच्या इतिहासात हा बदल व्यवहाराचा म्हणून नोंदला जातो. आम्ही तो नीतीचाही मानतो. नाटकगृहात अंधार झाला की शेजारी कोण बसला आहे हे दिसत नाही, आणि एकाच वाक्याला दोघे एकदम हसतात. परभणीस दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, त्यात हिंदू आणि मुसलमान दोघेही लोटतात. तेथे आकाशपाळण्यात शेजारी बसलेली दोन मुले एकदम किंचाळतात, तेव्हा त्यांना परस्परांची नावे ठाऊक नसतात आणि त्यांचे काही अडतही नाही. हा धडा कोणत्याही शाळेतील धड्यापेक्षा हलका नाही.

येथपर्यंत तरुणांची बाजू बळकट झाली खरी. पण 'आमच्या पैशाने' हे त्यांचे शब्द अजून तपासावयाचे आहेत. तिकीट जात विचारीत नाही. परंतु ते किंमत विचारते. एकाच उपाहारगृहात वातानुकूलित दालन निराळे आणि बाहेरची बाके निराळी, ही नव्या काळाची पंक्तीच होय. सरकारने १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन देण्याची योजना काढली. भुकेल्याला अन्न मिळाले हे उत्तम झाले. पण गरीब गरिबांच्या केंद्रात आणि आम्ही आमच्या टेबलावर, असे झाले की पोटे भरतात, पंगत मात्र तुटलेलीच राहते.

याहून सूक्ष्म पंक्तिभेद सेवकाचा व कलावंताचा आहे. आपल्यापुढे ताट ठेवणारा मुलगा स्वतः केव्हा जेवतो, हे आपणांपैकी किती जणांनी विचारले आहे? नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीला गर्दी लोटते. पण त्याच गर्दीतील सभ्य गृहस्थ नाचणारीला आपल्या घरच्या पाटावर बसवील काय? विठाबाई नारायणगावकरांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला, आणि तरीही त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली; २००२ साली त्या निवर्तल्या. कला हवी आणि कलावंत नको, अन्न हवे आणि वाढपी दिसावयास नको, असा जो आनंद, तो १८९० च्या ग्रामण्यापेक्षा फारसा पुढे गेलेला नाही. त्या ग्रामण्याने परक्याचा कप नाकारला. आम्ही कप घेतो आणि परक्याला नाकारतो.

यावर कोणी म्हणेल की, जुनेच बरे होते. थंडीच्या दिवसांत बोरीच्या शिवारात ज्वारीची कणसे आगटीत भाजून, हातावर चोळून, चटणी-गुळाबरोबर हुरडा खात, तेव्हा ना तिकीट होते ना किंमत. आज त्याच हुरड्याची माणशी दर ठरवून 'पार्टी' होते, हे खरे आहे. पण जुन्या हुरड्याचाही गौरव जपूनच करावा. तेथेही पाहुणे घोंगडीवर बसत, आणि धुरात बसून कणसे भाजणाऱ्या सालगड्याची पाळी सर्वांच्या मागून येई. फुकट मिळालेल्या सुखातही पंक्तिभेद असतो आणि विकत घेतलेल्या सुखातही. त्याचे मूळ रुपयात नसून आपल्या बसण्याच्या रीतीत आहे.

तेव्हा आमचा निर्णय असा. बोरीच्या कुटुंबाने परभणीस अवश्य जावे, पोटभर जेवावे, मनमुराद हसावे. ऐपतीबाहेर जाऊ नये, एवढे वडिलांचे ऐकावे. मात्र 'कोणाचे काय गेले' हा प्रश्न वादात जिंकण्यासाठी विचारू नये. उत्तर हवे म्हणून विचारावा. वाढणाऱ्याला नावाने हाक मारावी, त्याच्याशी अरेतुरे करू नये, शेजारच्या टेबलावर कोण येऊन बसला म्हणून आपली खुर्ची सरकवू नये. या गोष्टी क्षुल्लक आहेत, आणि कोणताही कायदा त्या करवून घेऊ शकत नाही. दार उघडण्याचे काम घटनेने केले आहे. आत आलेल्या माणसाला जागा करून देणे तिने आपल्यावर सोपविले आहे.