‘मार्शल लॉ’ कशाला म्हणावे?

सोलापुरात भवानी पेठेपासून हुतात्मा चौकापर्यंत १९३० चा विषय निघाला की मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी ‘मार्शल लॉ’ हे इंग्रजी शब्द सारखेच येतात. ‘मार्शल लॉच्या वेळी’ म्हटले की सोलापूरकराला काळ कळतो, आणि बोलण्यात तेवढे पुरते. लेखांत, स्मरणिकांत आणि बातम्यांत मात्र याच दोन शब्दांत गोळीबार, धरपकड, खटला आणि फाशी असे सारेच कोंबले जाते. लिहिताना हे शब्द जपून वापरले पाहिजेत, कारण ते सैल वापरले की दोष भलत्याच्याच माथी जातो.

घटनांचा क्रमच पाहू. मेच्या आरंभी गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचे हे शहर पेटले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडे तोडण्यावरून संघर्ष झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शंकर शिवदारे हुतात्मा झाले. संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, त्यात पोलीसही मारले गेले. तोवर मार्शल लॉ नव्हता. गोळीबार नेहमीच्या मुलकी अंमलात झाला. लष्कराने शहर हाती घेतले ते १२ मेला. मग वटहुकूम निघाला, लष्करी न्यायालये बसली, राष्ट्रध्वज बाळगणे हाही गुन्हा ठरला. जूनअखेर हा अंमल उठला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना या पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून येरवड्यात फाशी झाली ती त्यानंतर, १२ जानेवारी १९३१ रोजी, आणि तीही सत्र न्यायालय व उच्च न्यायालय अशा नेहमीच्या वाटेने. त्यामुळे ‘मार्शल लॉने चौघांना फासावर चढवले’ हे वाक्य चूक आहे, आणि त्या चुकीचा फायदा ब्रिटिश राज्यालाच मिळतो. लष्करी अंमल हा अपवाद असतो, तो उठला की संपतो. चौघांचा जीव घेतला तो साक्षीपुरावे नोंदवून, अपिले ऐकून चालणाऱ्या रोजच्या कायद्याने. परकी राजवटीचा खरा चेहरा तिथे दिसतो, आणि सैल शब्द नेमका तोच झाकतो.

कोणी म्हणेल, मग ‘लष्करी कायदा’ असे सरळ मराठीत लिहा. पण सैनिकांना लागू असलेला १९५० चा आर्मी अ‍ॅक्टही वाचकाला ‘लष्करी कायदा’च वाटतो. तो सैन्याची शिस्त राखतो. मार्शल लॉ सामान्य नागरिकांवर लष्कराचा अंमल बसवतो. म्हणून रुळलेले इंग्रजी शब्द ठेवणेच बरे. दुसरा आक्षेप असा, की लोकांनी भोगलेला जाच खरा असताना कायद्याची बारीक व्याख्या कशाला? जाच खरा आहे, म्हणूनच तो कोणी केला हे नेमके सांगायला हवे. १९७५ ची आणीबाणी मुलकी सरकारने राज्यघटनेच्या कलम ३५२ खाली आणली होती. संचारबंदीचा हुकूम मुलकी अधिकारी काढतात. १९५८ चा सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा लष्कराला मोठे अधिकार देतो, तरी मुलकी शासन जागेवर राहते. या सगळ्यांना मार्शल लॉ म्हटले तर निवडून दिलेल्या सरकारांची जबाबदारी लष्कराच्या खात्यावर पडते. घटनेच्या कलम ३४ मध्ये मार्शल लॉचा उल्लेख आहे, व्याख्या नाही. जिथे कायदाच व्याख्या देत नाही तिथे लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढते. सोलापूरवर लिहिणाऱ्याने ८ मेचा गोळीबार, १२ मेपासूनचा लष्करी अंमल आणि जानेवारीतली फाशी या तीन गोष्टी तीन नावांनी लिहाव्यात. हुतात्म्यांना न्याय द्यायचा तर त्यांना मारणाऱ्याचे नाव तरी बरोबर घेतले पाहिजे.