घाटावरचा मंत्र

कोल्हापूरचा इतिहास सांगू लागले म्हणजे रंकाळा, तालमी आणि अंबाबाईच्या गाभाऱ्यापर्यंत पोचणारी मावळतीची किरणे यांतच माणसे रमतात. आणि ते योग्यही आहे, कारण करवीरच्या वैभवाला डोळ्यांनी पाहण्याजोग्या खुणांची वाण नाही. परंतु या संस्थानाने महाराष्ट्राला दिलेला सर्वांत मोठा वारसा मला दगडात दिसत नाही. तो एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न उपस्थित झाला पंचगंगेच्या घाटावर.

सन १८९९ चा कार्तिक. पहाटेच्या गारठ्यात शाहू छत्रपती स्नानाला उतरलेले, आणि काठावर नारायण भट मंत्र म्हणत उभे. स्नानविधीतले मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, ही गोष्ट बरोबर आलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी हेरली. विचारणा झाली तेव्हा भटजींनी स्वच्छ सांगितले, की शूद्राला पुराणोक्त मंत्र पुरेत, आणि त्यासाठी आपण अंघोळ करून येण्याचेही कारण नाही. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाला १६७४ साली गागाभट्टांनी वैदिक विधीने राज्याभिषेक केला, त्याच घराण्याच्या अधिपतीला हे ऐकावे लागले, आणि तेही पदरच्या उपाध्यायाकडून.

पुढे जे घडले ते दप्तरी नमूद आहे. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्याचे नाकारले, दरबाराने त्यांची इनामे जप्त केली, दाद इंग्रज सरकारपर्यंत गेली तरी ती परत मिळाली नाहीत; लोकमान्यांच्या ‘केसरी’ने महाराजांच्या मागणीवर टीका केली. हा सारा तपशील वाचताना मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. कानाला दोन्ही मंत्र संस्कृतच; त्यांतला भेद किती यजमानांना उमगत असेल? मग सामर्थ्य शब्दात होते, की तो उच्चारण्याची मुभा देणाऱ्याच्या हातात? पूर्वमीमांसेने शब्दाला नित्य मानले. घाटावरच्या व्यवहाराने तो कुळाला बांधून टाकला. शब्द नित्य असेल, तर ऐकणाऱ्याच्या जातीने तो बदलावा तरी कसा?

महाराजांच्या मागणीतही एक ग्यानबाची मेख होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. ‘आम्ही क्षत्रिय, म्हणून वेदोक्त आमचे’ असे म्हणणे म्हणजे उतरंड मान्य करून तीतली आपली जागा तेवढी वर मागणे होय. या युक्तिवादाने मराठ्यांचे काम भागले असते. महारा-मांगांचे, कुंभार-न्हाव्यांचे काय? महाराजांची थोरवी अशी, की ते या पायरीवर थांबले नाहीत. वेदोक्ताचा वाद पेटलेला असतानाच, १९०२ च्या जुलैत, मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या राखून ठेवण्याचा हुकूम त्यांनी काढला. आणि माझ्या मते वेदोक्ताच्या प्रश्नाचे खरे उत्तर या कोरड्या सरकारी कागदातच आहे, शास्त्रार्थात नव्हे.

धर्माच्या अंगाने त्यांनी शोधलेला मार्ग मात्र मला अर्धाच वाटतो. सत्यशोधक समाजाने देव आणि माणूस यांच्यात पुरोहिताचा मध्यस्थ नको म्हटले. महाराजांनी मध्यस्थ बदलला. १९२० साली त्यांनी सदाशिव पाटील बेनाडीकर या तरुण मराठा विद्वानाला क्षात्र जगद्गुरूच्या गादीवर बसविले, आणि त्याच वर्षी कोल्हापुरात श्री शिवाजी वैदिक विद्यालय काढून मराठा मुलांना पौरोहित्याचे शिक्षण देण्यास प्रारंभ केला.